सोमवारची खुर्ची

तिचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. लहानथोर सगळे तिला वाफवहिनी म्हणत, कारण तिच्या पार्लरमध्ये आलेला कुठलाही चेहरा आधी वाफेच्या यंत्रासमोर जायचा. मुरूम असोत, वांग असो, नाहीतर नुसता कंटाळा असो. "आधी वाफ, मग बात," असं तिचं ठरलेलं वाक्य होतं. एखादीला घाई असली तर वहिनी हातातली कात्री खाली ठेवायची आणि विचारायची, "घाई असेल तर घरी जाऊन तोंड धू ना. साबण आहे की नाही घरात?" मग ती बाई निमूट खुर्चीत बसायची.

पार्लर म्हणजे काय, तर घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूची खिडकी फोडून तिथे काचेचं दार बसवलं होतं. मागे रेलणारी एक खुर्ची होती, तिचा दांडा अडकायचा आणि त्याला खालून लाथ मारावी लागायची. भिंगाचा दिवा होता, डब्याबाटल्यांची फळी होती, आणि एका कोपऱ्यात काळा पडलेला मोठा आरसा होता. काचेच्या दाराच्या समोरच्या भिंतीत दुसरं दार होतं, ते थेट स्वयंपाकघरात उघडायचं. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या गालावर लेप वाळेपर्यंत वहिनीची भाजी चिरून व्हायची.

आणि येणाऱ्या बायकाही काय एकेक! कॉलेजातली एक पोरगी मुरुमांनी भरलेलं तोंड घेऊन आली, तर तिच्या पुढे तिची आईच बोलायला. "तळलेलं खाते, म्हणून झालंय हे सगळं."

"तळलेलं तुम्हीही खाता की, तुम्हाला कुठे झालंय?" वहिनी म्हणाली. "वयाचं आहे ते. हे बघ पोरी, फोडायचं नाही, टूथपेस्ट थापायची नाही, दोन वेळा तोंड धुवायचं आणि उशीचा अभ्रा बदलत राहायचं. आणि आईचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचं." आईसुद्धा हसली, करते काय!

बाळंतपणानंतर गालांवर वांग आलेली एक जण लिंबू चोळचोळून तोंड भाजून घेऊन आली होती. तिला वहिनीने फैलावरच घेतलं. "लिंबू सरबतात पिळायचं असतं, बये! वांगाला ऊन चालत नाही आणि रगडणं तर त्याहून नाही. बाहेर पडताना क्रीम लाव, छत्री घे, आणि धीर धर. महिने लागतील." डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर एकीने क्रीम मागितलं, तर वहिनी म्हणाली, "याला क्रीम नाही, झोप लागते. नवरा घोरतो का तुझा?" ती हो म्हणाली. "मग त्याला आण इकडे, त्याचं नाक बघते."

तोंडाने अशी फटकळ, पण हात लोण्यासारखा. काळे ठिपके काढायची एक स्टीलची काडी तिच्याकडे होती, टोकाला बारीक कडी असलेली. ती काडी ती अशी फिरवायची की नाकावरचं सगळं निघून यायचं आणि बाईला कळायचंही नाही. हाताला यश होतं तिच्या, हे तिच्याशी भांडलेल्या बायकाही कबूल करत.

एकच खोड होती. तिने कधी कुणाला डॉक्टरकडे पाठवलं नाही. जिच्याकडे ती हे काम शिकली ती मॅडम म्हणायची, "निघालं म्हणजे गेलं." खपली निघाली, ठिपका निघाला, मेलेली कातडी निघाली की आपलं काम झालं. आणि पार्लरवालीला हे वाक्य खरंच वाटतं, कारण ती चेहरा बघते तो खुर्चीतून उठतानाचा. तेव्हा तो धुतलेला असतो, चकचकीत असतो, त्याच्यावर थंड काहीतरी लावलेलं असतं. पुढे तो काय करतो, ते बाई परत येईपर्यंत कुणाला ठाऊक!

आता सासूबाईंचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट वहिनीइतकीच त्यांचीही आहे.

लग्न होऊन वहिनी घरात आली आणि पुढच्या खोलीत पार्लर काढायचं म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. "आता माझी सून गावाची तोंडं धुणार का?" सासऱ्यांनी मध्यस्थी केली म्हणून खोली मिळाली. पण कितीतरी वर्षं सासूबाई त्या दारातून आत आल्या नाहीत. स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, तीही भिंतीला सांगितल्यासारखी. गिऱ्हाइकं गेल्यावर म्हणायच्या, "कसला तो वास! भाजीलाही लागलाय." आणि भाजी दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी म्हातारी.

मग सासरे गेले. घरात बोलणारा तोच एक माणूस होता. सासूबाईंचा मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला. माणूस चांगला, पण शब्द मोजून खर्च करणारा. आईची काळजी होती त्याला, नाही असं नाही. आईचं काही दुखलं की तो गोळी आणायचा, पाण्याच्या पेल्यासकट तिच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवायचा आणि जायचा. त्याच्या लेखी प्रेम तिथे पूर्ण झालेलं असायचं.

पार्लर सोमवारी बंद असे. अशाच एका सोमवारी वहिनी ब्रश धूत बसली होती, तर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या. इकडे बघितल्यासारखं केलं, तिकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "बसून बघू म्हटलं, ही खुर्ची आहे तरी कशी."

वहिनी हुशार. चकार शब्द बोलली नाही. दांड्याला लाथ मारून खुर्ची मागे केली, म्हातारीच्या केसांना पट्टी बांधली, चष्मा काढून फळीवर ठेवला, वाफ दिली आणि कोमट पाण्याचा कापूस कपाळावरून फिरवला. सासूबाई ताठ पडून होत्या, हाताच्या मुठी आवळलेल्या. वहिनीने भुवयांपासून कानशिलापर्यंत बोटं फिरवली, गालांवरून हनुवटीकडे आणली. कुठेतरी हनुवटीपाशी मुठी सुटल्या. मग म्हातारीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनीने ते कापसाने टिपलं आणि वाफेमुळे आल्यासारखं दाखवलं. थोड्या वेळाने सासूबाई घोरू लागल्या.

त्यानंतर एक सोमवार चुकला नाही. सोमवार आला की म्हातारी सकाळपासून आत-बाहेर करायची. "तुला काम असेल तर राहू दे हो," असं तोंडाने म्हणायची आणि चष्मा आधीच हातात काढून धरलेला असायचा. त्या खुर्चीत दोघी काय काय बोलल्या असतील! सासऱ्यांच्या भांडणांपासून दूधवाल्यापर्यंत. वहिनीची स्वतःची आई लहानपणीच गेली होती. तिनेही एकदा लेप लावता लावता सांगून टाकलं, "आई, मला सोमवार फार आवडतो." सासूबाई म्हणाल्या, "बोलू नकोस, लेपाला भेगा पडतील." लेप वहिनीच्या तोंडावर नव्हताच.

तो डाग दिसला तो अशाच एका सोमवारी. डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, नाकाच्या कडेला, जिथे चष्म्याची नाकावर टेकणारी घडी बसते बरोबर तिथे. ज्वारीच्या दाण्याएवढा. वर बारीक खपली.

"चष्मा घासतोय तुमचा," वहिनी म्हणाली.

"घासणारच. जुना झालाय, माझ्यासारखा."

वाफ दिली, खपली मऊ केली, काडीने अलगद उचलली. रक्ताचा एक थेंब आला, तो बर्फाने थांबवला. वर कोरफडीचा गर लावला आणि चष्म्याच्या घडीला कापसाची गादी केली. दोन आठवड्यांत जागा गुळगुळीत झाली. सासूबाईंनी आरशात पाहिलं आणि गल्लीभर सांगून आल्या, "डॉक्टर झक मारतील, असा हात आहे माझ्या सुनेचा." ज्या म्हातारीने गावाची तोंडं धुणार का म्हणून हिणवलं होतं, तिच्या तोंडून हे! वहिनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही आनंदाने.

पुढे खपली परत आली. परत वाफ, परत काडी, परत बर्फ. परत गेली. मग परत आली. असं कितीतरी महिने चाललं. प्रत्येक वेळी वहिनीने ती जागा अशी साफ केली की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. वर चष्म्याची जाड चौकट होतीच झाकायला. नवरा एकदा चहा पिता पिता म्हणाला, "आईचं ते डोळ्याखालचं, डॉक्टरला दाखवायचं का?"

दोघी एकदम त्याच्यावर तुटून पडल्या. "घासतंय चष्म्याने, त्याला डॉक्टर काय करणार?" आई म्हणाली. "मी बघतेय ना?" बायको म्हणाली. तो बिचारा कप उचलून बाहेर गेला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. इतरांच्या गालावरचा केसाएवढा फरक वहिनी दारातून ओळखायची, आणि घरातल्या तोंडावर मात्र दिव्याखाली अंधार.

मग म्हातारीच्या त्या डोळ्यातून सारखं पाणी येऊ लागलं. खालची पापणी जराशी ओढल्यासारखी दिसू लागली. "वय झालं," सासूबाई म्हणाल्या. त्या सोमवारी वहिनीने नेहमीसारखी वाफ दिली, भिंग वर ओढलं, काडी खपलीच्या खाली सरकवली. खपली आली. पण काडी थांबली नाही. जिथे कातडी लागायला हवी तिथे ती आत गेली. कडेला मण्यासारखी चकाकणारी एक किनार होती आणि मध्ये खड्डा. खपलीखाली तो केव्हापासून होता, देव जाणे.

वहिनीने दिवा बंद केला.

"काय गं? झालं?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं, आई. उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ."

सासूबाईंनी चष्म्यासाठी हात पुढे केला. नको म्हणाल्या नाहीत, का म्हणून विचारलं नाही. तेव्हा वहिनीच्या ते लक्षात आलं नाही.

कातडीची डॉक्टरीण मध्यमवयाची, शांत बाई होती. तिने हातमोजे घालून बराच वेळ पाहिलं. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं झाली असतील."

"खपली कोण काढायचं?"

"मी," वहिनी म्हणाली. तिला वाटलं आता ही बाई आपल्याला फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. पण डॉक्टरीण आवाज न चढवता म्हणाली, "तुमच्या काढण्याने हा झालेला नाही. हा कातडीचा कॅन्सर आहे, तपासणीत नक्की होईलच. हा बहुधा शरीरात इतरत्र पसरत नाही, पण असतो तिथे खणत जातो. बरा झाल्यासारखा दाखवतो आणि परत येतो, हीच त्याची खूण. चेहऱ्यावरचं काहीही महिनाभरात भरून आलं नाही, किंवा भरून परत फुटलं, तर दाखवायचं. सुरुवातीला आला असता तर लहानसं काम होतं. टाके घातले असते आणि घरी पाठवलं असतं."

"आणि आता?"

डॉक्टरणीने म्हातारीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "मोठ्या हॉस्पिटलात जा. उशीर नका करू."

मोठ्या हॉस्पिटलात डोळा वाचला नाही. रोग खोबणीत उतरला होता. डोळा काढला, नाकाच्या कडेचा भाग काढला आणि मांडीची कातडी आणून तिथे लावली. पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनीने पाहिलं. ज्या चेहऱ्याची रेघन् रेघ तिच्या बोटांना पाठ होती, त्याचा एक भाग सपाट झाला होता.

घरी आल्यावर नर्सने शिकवल्याप्रमाणे जखम पुसायची होती, मलम लावायचं होतं. हे काम वहिनीचं, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पहिल्या दिवशी तिने हात धुतले, कापूस घेतला, पलंगापाशी गेली, आणि कापूस स्टुलावर ठेवून मागे सरली. "अहो, तुम्ही करा," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने केलं. नीट केलं, जसं सांगितलं तसं. टाळी वाजवावी इतक्या वेळात आटोपायचा आणि हात धुवायला जायचा.

आणि वहिनीने काय केलं? पार्लर सोमवारीही उघडं ठेवायला लागली. "गिऱ्हाइकं फार वाढलीत," असं सांगायची. कशाची वाढलीत! उलट कमीच झाली होती. कारण आता कुणाच्या गालावर साधा तीळ दिसला तरी ती म्हणायची, "डॉक्टरला दाखवून ये, मग मी हात लावीन." बायका वैतागायच्या. "वहिनी, भुवया करायला आलेय मी!" स्टीलची काडी तिने फळीच्या मागे टाकून दिली होती.

सासूबाई आतल्या खोलीत बसून असायच्या. चष्म्याची डावी काच मुलाने पांढऱ्या कागदाने झाकून दिली होती. जखम भरली, मलम थांबलं, आणि मुलाचं पुसणंही थांबलं. वहिनी जेवणाचं ताट आणून ठेवायची, औषध द्यायची, पांघरूण बदलायची, कशात कसूर नव्हती. फक्त त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही. बघितलं तरी उजव्या बाजूला.

आतून म्हातारीला ऐकू यायचं, बाहेर वहिनी कुणाला तरी म्हणतेय, "डोळे मीट, आता बोटं फिरवते." हे सोमवारी ऐकू यायचं.

एका सोमवारी दुपारी शेवटची बाई गेली. वहिनी टॉवेल गोळा करत होती. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. भिंतीला धरून होत्या, कारण एका डोळ्याने त्यांना पायरीचा अंदाज येत नसे.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना, आई."

"माझी किळस येते ना तुला?"

वहिनीच्या हातातून टॉवेल गळले. "काय बोलता! किळस? तुमची?"

"येते तर येते, त्यात काय. मलाच येते आरशात बघून. राग नाही माझा. फक्त सांगायचं होतंस. मी वाट बघायचं सोडलं असतं."

मग मात्र वहिनीचा बांध फुटला. "आई, तुमची नाही हो! या हातांची!" दोन्ही हात पुढे करून ती रडायला लागली. "या हातांनी दोन वर्षं तुमचा रोग मी झाकून ठेवला. दर वेळी साफ करून, बर्फ लावून! मी नसते या घरात तर तुम्ही पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे गेला असता. कुठल्या तोंडाने हात लावू मी तुम्हाला?"

सासूबाई सावकाश पुढे आल्या आणि खुर्चीच्या हाताला धरून उभ्या राहिल्या.

"मला ठाऊक होतं गं," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"चष्मेवाल्याने सांगितलं होतं. गेल्या वर्षी नव्या घड्या बसवायला गेले होते ना, तेव्हा. म्हणाला, आजी, हे चष्म्याचं नाही, नवी घडी बसवूनही हे राहील, डॉक्टरला दाखवा. लवकर दाखवा म्हणाला."

वहिनीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"नाही सांगितलं."

"का? का पण, आई?" आता तिला संताप आला होता, इतका की आवाज रस्त्यावर गेला असेल. "माझ्या हाताला बोल लागेल म्हणून? लोक हसतील म्हणून? खड्ड्यात गेले लोक! डोळा गेला तुमचा!"

"तुझ्या हातासाठी नाही. उगाच मोठेपणा कशाला घेऊ." म्हातारीने खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनवरून बोट फिरवलं. "डॉक्टर म्हणाला असता, आता याला कुणी हात लावायचा नाही. मग सोमवार गेला असता. हे गेल्यापासून माझ्या तोंडाला कुणी हात लावलेला नाही, तुझ्याशिवाय. पोरगा गोळी आणतो. स्टुलावर ठेवतो आणि जातो. चांगला आहे तो. पण म्हाताऱ्या माणसाच्या गालावर हात कोण ठेवतं गं? मी म्हटलं, अजून थोडे सोमवार होऊ देत, मग सांगू. करता करता राहिलं. एवढं होईल हे कुठे माहीत होतं मला."

वहिनीचा राग होता तो होताच, पण तो ठेवायला जागा नव्हती. तिने काचेच्या दाराला आतून कडी लावली, पडदा ओढला. मग मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. खुर्चीच्या दांड्याला लाथ मारली.

"बसा," ती म्हणाली.

वाफ नाही, लेप नाही, काही नाही. नुसतं कोमट पाणी आणि कापूस. आधी कपाळ, मग उजवा गाल, मग हनुवटी. मग कागद लावलेला चष्मा काढला आणि दुसऱ्या बाजूला आली. त्या सपाट कातडीवर तिने तळवा ठेवला.

"दुखतंय?"

"नाही गं. तिथे काही कळतच नाही." सासूबाई म्हणाल्या, "ठेवलायस का हात?"

"ठेवलाय, आई."

"मग असू दे."

सोमवार पुन्हा बंद झाला. म्हणजे पार्लर बंद आणि खुर्ची म्हातारीची. डॉक्टरणीला विचारलं, तर ती म्हणाली, भरलेल्या जागेवर हलका हात चालेल, रगडायचं नाही, साधं मलम लावा. एवढं विचारायला दोन वर्षं आणि एक डोळा गेला, असं वहिनी त्या दिवशी घरी येताना रिक्षात पुटपुटली. सासूबाई म्हणाल्या, "रिक्षावाल्याला कशाला सांगतेस?"

एकदा तर गंमतच झाली. सगळं आटोपल्यावर म्हातारी खुर्चीतून उठेचना. मग उठली आणि म्हणाली, "आता तू बस." वहिनी हसली. "माझं काय करायचंय?" "बस म्हटलं ना. गावाची तोंडं धुतेस, तुझं कुणी धुतलंय कधी?" खरंच, कुणी धुतलं नव्हतं. वहिनी बसली. म्हातारीने डब्यातलं क्रीम भसकन काढलं आणि थापलं. अर्धं भुवईत गेलं, थोडं कानात. बोटं खरखरीत, भांडी घासून घासून राठ झालेली, आणि एका डोळ्याला अंतर कळेना म्हणून दर वेळी आधी नाकाला धक्का. "कपाळाला आठ्या किती गं तुझ्या! वय काय आणि आठ्या काय!" म्हणत ती अंगठ्याने आठ्या पुसत राहिली, पाटीवरचं पुसावं तशी. वहिनीचे डोळे भरून आले. सासूबाई म्हणाल्या, "वाफ न देताच पाणी आलं की."

असे सोमवार त्यांना फार मिळाले नाहीत. थंडीत म्हातारीच्या छातीत कफ झाला आणि तो उतरलाच नाही. डोळ्याच्या रोगाने नाही, साध्या थंडीने गेली. लोक म्हणाले, सुटली. वहिनीला त्या शब्दाचा इतका राग आला की म्हणणाऱ्या बाईच्या भुवया तिने पुढे कधी केल्या नाहीत.

पार्लर चालूच आहे. चष्मा घातलेली कुणी आली की वहिनी आधी चष्मा काढायला लावते आणि घडीखालची जागा भिंगातून बघते. तिथे काही दिसलं तर सरळ चिठ्ठीवर डॉक्टरणीचा पत्ता लिहून देते आणि पुढच्या खेपेला दाखवलं का म्हणून विचारते. नसेल दाखवलं तर खुर्चीत बसू देत नाही. बायका म्हणतात, वहिनी आता वाफेपेक्षा धाकच जास्त देते.

सोमवारी मात्र दार बंद असतं. काम नसतं, गिऱ्हाईक नसतं. दुपारी वहिनी दांड्याला लाथ मारून खुर्ची मागे करते, केसांना पट्टी बांधते आणि स्वतःच तिच्यात पडून राहते, तोंड वर करून, डोळे मिटून. परवाच्या सोमवारी नवऱ्याला सुट्टी होती. तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि तिला तशी पडलेली बघून थबकला. तिने पावलं ओळखली. ती हलली नाही, डोळे उघडले नाहीत.

"डोकं दुखतंय का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तो आत गेला. डबा उघडल्याचा आवाज आला, मग माठातलं पाणी ओतल्याचा. तो परत आला, गोळी आणि पेला खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला, आणि दार हळूच ओढून घेऊन गेला.